चार नंबरचं टेबल

त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन होतं. वारा म्हणून नाही. दहिसरच्या आमच्या चाळीत गॅलरीत वाळत घातलेले कपडेही हलत नव्हते. शेजारच्या परबला एक खरी गोष्ट सांगायची होती, आणि त्याच्या दारापर्यंतची सात पावलं माझ्यानं टाकवत नव्हती.

तिथं येतोच, पण जरा मागून येतो. बोरिवलीत आमच्या संघटनेच्या हॉलमध्ये मी बुद्धिबळाची टेबलं लावतो. बावीस वर्षं झाली. अशा जागी किस्से साठत जातात, डब्यात जादा प्यादी साठतात तसे. कुठून येतात कळत नाही आणि टाकवतही नाहीत.

*

विम्याचंच घ्या. एकदा देशाच्या संघटनेचे साहेब आले, बरोबर राज्याचे. म्हणाले, नोंदणी केलेल्या खेळाडूंना आता अपघात विमा. खेळाडूनं फॉर्म आमच्याकडं द्यायचा, आम्ही राज्याला, राज्यानं देशाला.

परब रविवारी आमच्याकडंच खेळायचा. त्यानं हात वर केला. "साहेब, बुद्धिबळात माणूस पडणार कुठं?"

साहेब आमचा जिना चढून आलेले, अजून धापा टाकत होते. म्हणाले, "पटावर नाही. तुमच्या जिन्यावर!"

सगळे हसले. परब सगळ्यात जास्त.

*

देशाची, राज्याची आणि आमची, या तीन संघटनांचं आपसांत कधी जुळलेलं मी पाहिलं नव्हतं. राज्य म्हणायचं, यादी शिक्का मारून पाठवा. देश म्हणायचा, शिक्का नको, ईमेल करा. आमचे सेक्रेटरी नाडकर्णी सर बिचारे दोन्ही करायचे. शिक्का मारायचं काम माझ्याकडं.

एकदा राज्याकडून अख्खा गठ्ठा परत आला. सगळे शिक्के उलटे! शिक्का इंग्रजीत होता ना. सर रागावले नाहीत. शिक्क्याच्या मुठीवर लाल पेनानं त्यांनी एक बाण काढला आणि हळूच म्हणाले, "दत्ताराम, बाण वर ठेवायचा."

मी शाळेत गेलो नाही. मराठी पाट्या वाचत वाचत आली, इंग्रजी राहिली. ते सरांना त्या दिवशी कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. पुढं कुणीच विषय काढला नाही.

*

टेबलं आमची जुनी आणि लंगडी. कुणी खोकला तरी वजीर डोलतो. म्हणून दर वर्षाच्या सुरुवातीला मी कपाटातले रद्दी कागद, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या जुन्या याद्या, घड्या घालून पायांखाली सारतो.

परबला रविवारी खिडकीजवळचं चार नंबरच लागायचं. तिथं कुणी आधी बसला असेल, तर त्याला चहा पाजून उठवायचा. "हे टेबल जमिनीत रुजलंय रे," म्हणायचा.

*

आणि यंदा परब आमच्या हॉलच्या जिन्यावरूनच पडला. खुब्याचं हाड मोडलं.

नवल म्हणजे तिन्ही संघटना एक झाल्या! देशाच्या साहेबांनी स्वतः फोन केला. नाव यादीत आहे, अपघाताआधी सही केलेला मूळ फॉर्म तेवढा चार दिवसांत द्या, नवा चालणार नाही, बाकी मी बघतो. राज्याचा माणूस तर आमच्याकडं येऊनच बसला. परबच्या मुलीनं ठरवलं, विमा मंजूर झाला की चांगल्या हॉस्पिटलात नेऊन ऑपरेशन करू. तोवर परब सरकारी दवाखान्यात पडून.

फॉर्म कुठाय? परब म्हणाला, दत्तारामकडं दिला. मी म्हणालो, कपाटात ठेवला. ठेवला होताच. जुन्या याद्यांच्या शेजारी.

तिसऱ्या दिवशी लादी पुसायला चार नंबर उचललं, तर पायाखालची घडी सुटली. आतल्या पानावर परबचा फोटो. इंग्रजी येत नसली तरी शेजाऱ्याचं तोंड ओळखता येतं.

सर बाजूच्याच खोलीत होते. तेव्हाच द्यायला हवा होता. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, अरे, वाचलं नाहीस? राज्याचा माणूसही समोर होता. मी घडी खिशात घातली, आणि दोन दिवस ती खिशात ठेवून त्यांच्याबरोबर फॉर्म शोधत राहिलो. कपाटं हलवली. वर घाम पुसून विचारलं, "सर, माळ्यावर बघू का?"

पाचव्या दिवशी दिला. म्हणालो, कपाटामागं पडला होता. सर घड्यांकडं बघत राहिले. बाण काढला त्या दिवशी शिक्क्याकडं बघितलं होतं तसेच.

मुदत संपली होती. परबचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यातच झालं, तेही फार उशिरा. पाय थोडा आखूड राहिला.

*

तर त्या उन्हात मी ती सात पावलं गेलो. परब खाटेवर बसला होता, काठी भिंतीला टेकवलेली. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. टेबलाचं सांगितलं, खिशातले दोन दिवसही सांगितले. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

त्यानं काठी उचलून मांडीवर आडवी घेतली.

मग म्हणाला, "तरीच रे, त्या टेबलावर यंदा मी एकदा पण हरलो नाय. आता खाली काय घातलंयस?"