डावीकडचा पाटा

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, बरेचसे हसण्यावारी नेलेत. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. कशावर किती भार पडला की ते किती वाकेल, हे काढणं माझं रोजचं काम. म्हणूनच हे लिहायला मला चार वर्षं लागली...

आम्ही काचीगुड्याचे, तीन पिढ्या हैदराबादेत. माझे वडील, अप्पा, इथेच वकिली करायचे. त्यांनी तरुणपणी घेतलेली अँबॅसेडर अजून आमच्या आवारात उभी असते. अप्पा गाडी चालवायचे, आजोबा पुढे, आणि आई मागे डावीकडे. आजोबा गेल्यावरही ती पुढे आली नाही. तिथेच सवय झालीये म्हणायची.

चार वर्षांपूर्वी आईच्या मणक्याचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, काही महिने आहेत. तिला हवं ते करू द्या, फक्त हिसके बसू देऊ नका. आईने एकच मागितलं. आपल्या गाडीतून एकदा गंडीपेटला, तलावावर जायचं.

पण गाडीचं सस्पेन्शन पार गेलं होतं. साधा खड्डा आला तरी पाठीत कळ जायची. मी ती गौलीगुड्याला सत्तारभाईंकडे नेली. जुन्या गाड्यांचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "नवे कमानां डाल देतौं साब, चार दिन में गाडी ले जाओ."

नव्या पाट्यांना मी नको म्हणालो.

मला गाडी जशीच्या तशी हवी होती. मूळचे पाटे उतरवून, तापवून, ठोकून पुन्हा बाक द्यायचा. एक तडकलेला निघाला, तर त्याच काळातला दुसरा शोधायचा. पुढचे शॉक अब्सॉर्बरही तेच, फक्त आतून दुरुस्त करून. सत्तारभाईंनी एकदा आईची आठवण करून दिली. मी म्हटलं, होईल तोवर. मध्ये मी आईला म्हटलंही, टॅक्सीने जाऊन येऊ. ती म्हणाली, राहू दे, गाडी होऊ दे तुझी.

एक पाटा तडकलेलाच निघाला, आणि त्याच्या जोडीचा शोधण्यात अडीच महिने गेले. दर रविवारी ती विचारायची, झाली का रे? मग विचारेनाशी झाली. एका गुरुवारी सकाळी ती गेली.

गाडी घरी आली ती त्यानंतर नऊ दिवसांनी. सत्तारभाई स्वतः घेऊन आले. मागच्या चाकांवरच्या पत्र्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे माप घेतलं. सुताचा फरक नव्हता. ते चहा प्यायला आत गेले आणि मी कव्हर घालायला गाडीमागे आलो... तर डावी बाजू दोन बोटं खाली.

टायर बघितला. हवा बरोबर होती. जमीन सपाट, पक्क्या सिमेंटची. मी हाक मारली तसे सत्तारभाई आले आणि थेट गाडीखाली शिरले. अप्पा पायरीवर बसले होते. सत्तारभाईंना खालून फक्त आमचे पाय दिसत असणार. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, अगदी सहज:

"पीछे कौन बैठे साब? जरा उतरने बोलो, नाप लेना है."

मागे कोणी नव्हतं. काचा बंद होत्या, सीट रिकामी होती.

सत्तारभाई बाहेर आले, त्यांनी काचेतून आत बघितलं आणि हात पुसत बाजूला झाले. अप्पा उठले. आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आले, पुढचं दार उघडून बसले आणि मला म्हणाले, "चल."

कुठे, ते मला विचारावं लागलं नाही.

इतकी सावकाश गाडी मी आयुष्यात चालवली नसेल. प्रत्येक स्पीडब्रेकरला जवळजवळ थांबत होतो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही, आरशात तर नाहीच. अप्पा वाटेत एकदाच बोलले. डावीकडे ऊन येतंय म्हणाले, आणि मी रस्त्याची बाजू बदलून सावली धरली.

तलावाच्या बांधापाशी इंजिन बंद केलं. पाणी बरंच होतं. आम्ही दोघं समोर बघत बसलो – दहा मिनिटं, वीस, माहीत नाही. मग मागून पाटा हलकेच कुरकुरला आणि गाडीची डावी बाजू वर आली. म्हातारं माणूस दाराला धरून उतरतं ना, तशी... हळूहळू. दार उघडलं नव्हतं. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

घरी येऊन मोजलं. दोन्ही बाजू सारख्या. आजही सारख्याच आहेत. सत्तारभाई नंतर म्हणाले, पाट्याच्या टोकाचा नवा रबरी बुश आवळून बसला असेल, गाडी धावल्यावर सुटला असेल. असेलही. मीही कागदावर मांडून बघितलं. बुशने एवढा फरक पडेल, असं काही निघालं नाही. पण मी चुकलो असेन, हेही मान्य करतो.

त्या दिवशी तलावावरून परतताना, मेहदीपटनमच्या अलीकडे अप्पा म्हणाले, "मी तुला सांगणार होतो रे, नवे पाटे टाक म्हणून. तिनेच अडवलं. म्हणाली, तो इतक्या हौसेने करतोय, हिरमोड होईल त्याचा."

मी गाडी कडेला घेतली. बराच वेळ मला ती पुढे नेता आली नाही.