बाहेरची कडी

माझं सुपरवायझरचं लायसन्स माझ्या घरात कधीच नव्हतं. ते दाजींच्या दुकानात, गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं असायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आईवडिलांमागे अक्काचं घर हेच माझं माहेर. ते इलेक्ट्रिकची कामं घ्यायचे. अशी कामं घ्यायची तर पदरी लायसन्सवाला सुपरवायझर लागतो, आणि ती परीक्षा काही दाजींच्याने पास झाली नव्हती. माझी पहिल्याच फटक्यात झाली. तेव्हापासून त्यांचं माझ्याशी वाकडं आणि माझं त्यांच्याशी.

लायसन्स माझं, दुकान त्यांचं, पाटीवर नावही त्यांचंच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी पांढऱ्या सफारीत बघितलाय.

ती परीक्षा मी नव्वद साली दिली. तोंडीला तिघे बसले होते. त्यातल्या एकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "बाई, तुम्ही खांबावर चढणार काय?" मी म्हटलं, "चढायला वायरमन आहे. त्याने चुकीचं काम केलं तर त्याला खाली उतरवायला मी आहे." त्याला ते झोंबलं. मग त्याने अर्थिंगपासून सुरुवात करून मला पिळून काढलं, आणि शेवटी विचारलं, स्विचरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं? मी म्हटलं, बाहेरच्या. का? तर आत आग लागली की माणूस दारावर धडकतो, त्याला दार ओढत बसायला वेळ नसतो. नियम आतल्या माणसासाठी असतो, बाहेरच्या कुलपासाठी नाही. ते उत्तर मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, रागात सुचलं होतं. पण खरं तेच होतं, आणि पुढे त्यावरूनच माझं माहेर तुटलं.

खंडेनवमीला दाजी दुकानात हत्यारं पुजायचे. पक्कड, टेस्टर, ड्रिल, मीटर असं सगळं पाटावर मांडायचं, आणि त्यातच भिंतीवरून उतरवलेलं माझं लायसन्स. काचेवर बरोबर माझ्या फोटोच्या कपाळावर हळदकुंकू. वर्षभर मला "तुला काय कळतंय" म्हणणारा माणूस त्या दिवशी माझ्या फोटोला हात जोडायचा. ते बघायला मी मुद्दाम जायची.

दोन हजार साल उलटलं आणि कार्डावर उघडणाऱ्या दारांची टूम कोल्हापुरात आली. आधी बँकांत, मग ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही होतं त्या प्रत्येकाकडे. या कामाचं वेगळं लायसन्स असं काही नव्हतंच. दाराला वायर आहे ना, मग ते विजेवाल्याच्या गळ्यात. दाजींनी बेंगलोरच्या एका कंपनीकडून माल आणला. सोबतचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं म्हणून ते माझ्याकडे भिरकावलं.

शाहूपुरीत एकाचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना होता, पहिल्या मजल्यावर. आत बायका गॅसच्या बारीक ज्योतीवर घुंगरं जोडायच्या. खिडक्यांना मालकाने आधीच जाड गज ठोकलेले. येण्याजाण्याला दार एकच. मालकाला रात्रंदिवस एकच घोर, की बायका पदरातून चांदी नेतात. त्याला असं दार हवं होतं जे त्याच्या मर्जीशिवाय हलणार नाही.

मी त्याला समजावलं. दाराच्या वर चौकटीला लोहचुंबक बसतं आणि दाराच्या फळीला पोलादी पट्टी. वीज आहे तोवर चुंबक पट्टीला धरून ठेवतं. वीज गेली तर बॅटरी असते. पण आतल्या बाजूला हिरवं बटन हवं. ते दाबलं की चुंबकाची वीज तुटते आणि दार ढकललं की उघडतं. ना कार्ड लागतं, ना कुणाची परवानगी.

"मंग दार बसवायचं कशाला?" मालक म्हणाला. "आतनं बटन म्हंजे चोराला सोयच की."

"कारखान्यात माणसं कामाला असली की दार आतनं सहज उघडलंच पायजे. कायदाच हाय तसा."

"म्याडम, कायदा मला नगा शिकवू."

दाजींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि मोठ्याने म्हटलं, "दाजी, पाय सांभाळून ठेवा." बटन बसलं. राहता राहिली माझी सही. काम नियमाप्रमाणे झालं असं मी लिहून दिल्याशिवाय मालकाला वाढीव वीज मिळणार नव्हती. दसरा झाला की तपासून सही करते, असं मी सांगितलं.

दसऱ्यानंतर दाजींबरोबर गेले. जिना चढले आणि दारापाशी थबकले. दाराला बाहेरून नवीकोरी लोखंडी कडी. खुर्ची टाकून एक वॉचमन बसलेला, रिटायर फौजी, मिशा पिळलेल्या.

"ही कुणी लावली?"

"मालकांनी. आत माणूस गेलं की कडी घालायची आणि घंटी वाजली की काढायची. हुकूम हाय."

तेवढ्यात मालक आला आणि माझ्यावरच घसरला. "तुमचं चुंबक बोगस निघालं, म्याडम. दसऱ्यापास्नं दार धरतच न्हाय. पोरानं ढकललं तरी उघडतंय. मंग मी काय चांदी वाटत बसू?"

मी कडी सरकवून दार उघडलं आणि वर बघितलं. दसऱ्याचं तोरण. आंब्याची पानं, झेंडू, भाताच्या लोंब्या. चौकटीला खिळा मारायचा नाही म्हणून ते कुणीतरी मोठ्या भक्तिभावाने चुंबकाच्या पेटीलाच बांधलं होतं, आणि दोन पानं चुंबक आणि पट्टीच्या मध्ये चिरडून वाळून बसली होती. चुंबकाला पट्टी अंगाला अंग लागून हवी. मध्ये कागद जरी आला तरी पकड ढिली पडते. मी टाचा उंचावून पानं ओढून काढली आणि मालकाच्या हातावर ठेवली. दार लावलं. खट्‌ करून असं बसलं, की दाजींनी दोन्ही हातांनी ओढलं तरी हललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. तोरण यांचं, बोगस माझं चुंबक, आणि शिक्षा आतल्या बायकांना.

"आता ही कडी कायमची काढा," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे की. असली म्हणून काय बिघडलं?"

"आत गॅस हाय. बायका हायत."

"बायका कुठं पळून चालल्यात?"

दाजी दात काढून हसले. "आत चल. च्या घे, सही कर आन मोकळी हो. अक्का जेवायला थांबलीया."

आम्ही तिघे आत गेलो. दार लागलं, आणि पाठोपाठ बाहेर कडीचा आवाज आला. वॉचमनने हुकूम पाळला होता. आत बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीसमोर निळी ज्योत. माझ्यापुढे कागद आला, दाजींनी स्वतःचं पेन उघडून दिलं. मी म्हटलं, कडी निघेपर्यंत सही नाही. दाजी म्हणाले, घरी बघतो तुला. असं आमचं चाललेलं असतानाच लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, दुपारी ती जायचीच.

पंखे थांबले. भिंतीतला धूर ओढणारा पंखाही थांबला. गजांच्या खिडक्यांतून येणारा उजेड आधीच बेताचा, वर धुराचा आणि गॅसचा वास. उकाडा असा, की श्वास जड झाला. मालक उठला, घंटीचं बटन दाबलं. घंटी कसली वाजते? ती विजेवर. मग त्याने माझं हिरवं बटन दाबलं. चुंबकाने लगेच दार सोडलं. दार बोटभर सरकलं आणि कडीला जाऊन अडलं. त्या फटीतून रिकामी खुर्ची दिसली. फौजी खाली चहाला गेला होता.

"अरं ए! दार उघड!" मालक फटीत तोंड घालून ओरडला. रस्त्यावर सगळ्या दुकानांचे जनरेटर सुरू झालेले, कोण ऐकतंय? मोबाइल तेव्हा मोजक्यांकडे होते. मालकाचा होता, पण खाली ऑफिसात टेबलावर. मालकाची पाचावर धारण बसली. तो दारावर बुक्क्या घालायला लागला. "गॅस बंद करा! गॅस बंद करा आधी!" बायकांनी शांतपणे चाव्या फिरवल्या. डोक्यावर पदर घेतलेली एक वयस्क बाई म्हणाली, "रोजचंच हाय, मालक. येतोय त्यो. बसा की."

मालक बसला नाही. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. दाजींचंही तेच.

"काय तरी कर की!" दाजी माझ्यावर ओरडले. "तुझं लायसन्स हाय न्हवं!"

"कडीला लायसन्स लागत न्हाय, दाजी."

खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. पण त्या दोघांचे चेहरे बघून जो आनंद होत होता, तो भीतीपेक्षा मोठा होता. मी त्या वयस्क बाईशेजारी पोत्यावर बसले. तिने मला पाण्याचा तांब्या दिला.

बऱ्याच वेळाने जिन्यावर बुटांचा आवाज आला. कडी निघाली. फौजीने मालकाला बघून कडक सलाम ठोकला.

"मी आत असताना कडी घालतोस व्हय रं?" मालकाचा आवाज फाटला.

"तुमचाच हुकूम हाय, साहेब."

मालक दम खात उभा राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, काढ ती कडी. त्याने रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "इथनं म्होरं आधी बघायचं, मी आत हाय का न्हाय. मी असलो तर कडी घालायची न्हाय. कळलं?"

माझ्या मागे पोत्यांवर बसलेल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. मी दाजींचं पेन टोपण घालून त्यांच्या खिशाला लावलं आणि जिना उतरले.

तिथून थेट दुकानात गेले. स्टुलावर चढून माझी फ्रेम उतरवली. काचेवर खंडेनवमीचं कुंकू तसंच होतं. दाजी धापा टाकत मागून आले. लायसन्स गेलं तर दुकान बंद पडेल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी अक्काला बोलावून घेतलं. अक्का आली, रडली, पदर पसरला. मी सांगितलं, आत बायका कोंडतात. ती म्हणाली, "त्या तुझ्या कोण लागत्यात? मी सख्खी भन हाय. तुला माझ्या कुंकवापरीस ती काच मोठी झाली?"

"आज तरी व्हय," मी म्हटलं, आणि फ्रेम काखोटीला मारून बाहेर पडले.

अक्काने पुढे माझ्याशी बोलणं सोडलं. दाजींनी जयसिंगपूरचा एक सुपरवायझर गाठला. त्याने ते दार बघितलंही नाही, सही मात्र ठोकली. मी कारखान्यांच्या तपासनिसाकडे तक्रार दिली, तर तिथल्या माणसाने मलाच विचारलं, तुमचा काय संबंध? पालथ्या घड्यावर पाणी. चांगली चरफडत घरी आले. माहेर गेलं, काम गेलं, आणि ती कडी आहे तिथेच असणार, या विचाराने कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कागलच्या गाडीत ती वयस्क बाई भेटली. तिनेच मला ओळखलं, सरकून जागा दिली. मी बसायच्या आधीच विचारलं, "कडी हाय का अजून?"

"कुठली? ती दुसऱ्याच दिवशी निघाली की." ती तंबाखू मळत म्हणाली. "आम्ही समद्या जिन्यावरच बसलो. म्हटलं, मालक, कडी तरी काढा न्हायतर आमच्यासंगं दिवसभर आत बसा. लई शिव्या घातल्या. दुपारच्याला काढली."

"मग तुमी आधीच का न्हाय म्हटलं तसं? रोज कोंडत होता की त्यो."

तिने तंबाखू तोंडात टाकली, खिडकीबाहेर बघितलं.

"आधी काय ठावं, बाई? घराचं दार लावत्यात, तसं हेबी लावत्यात, असं वाटायचं. मालक दारावर बुक्क्या घालताना बघितला, तवा कळलं, हितं भ्याचं असतंय."