गाईची बाई

पहिली पोळी तव्यावर फुगली आणि दारावर थाप पडली.

आमच्याकडे पहिली पोळी गाईची, तूपगुळासकट. सासूबाई ती जातीने झाकून ठेवतात. तिच्याकडे नुसतं बघायचीही घरात कुणाची टाप नाही. वर गेल्यावर गाईचं शेपूट धरूनच नदी पार करायची, तेव्हा आधीपासून ओळख ठेवलेली बरी, असा त्यांचा हिशेब.

दारात गाईची बाई उभी होती. एकटीच. एरवी ती जिना चढत नाही. खालून हाक मारते आणि अख्खी गल्ली ताटल्या घेऊन खाली धावते.

तिला नाव असणारच, पण ते विचारायची गरज कुणाला पडली नाही. गाय तिची असं म्हणायचं एवढंच. खरं तर तीच गाईची. नवरा गेला तो ही गाय आणि दोन शर्ट मागे ठेवून. तेव्हापासून पुढे गाय, मागे ही. साडीवर त्याचा शर्ट आणि मनगटावर दाव्याचा वळ. गाईला गरम पोळी, हिला रात्रीची. गाईच्या पायाशी भक्तिभावाने वाकलेली माणसं उठताना मात्र हिचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उठतात.

"गाय कुठाय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"गोठ्यात. पोट फुगलंय, आजी. डॉक्टरांनी पोळ्या बंद केल्यात. नुसता चारा."

"अगं बाई! दृष्ट लागली कुणाची?"

"दृष्ट कसली? परवा वकीलसाहेबांनी टोपभर शिळा भात आणि लाडू घातले. मी नको नको म्हणत होते. तर म्हणाले, तिच्या पोटात तेहतीस कोटी देव आहेत, त्यांना एका पोळीत काय होणार?"

म्हणजे तेहतीस कोटींना एकदम अपचन! ह्यांनी हसू लपवायला पेपर तोंडासमोर धरला.

समोरचं दार किलकिलं झालं. आतून वकीलसाहेब. "गोमाता आजारी? अरेरे! काही लागलं तर हक्काने सांग हो."

"चारा लागेल, साहेब."

"हं... बघू. देव आहे तिच्या पाठीशी."

"पाठीशी कुठले? पोटातच आहेत ना?"

दार लागलं. कडीसुद्धा.

सासूबाईंना वेगळीच चिंता. "आता ही पोळी कुणाला घालू मी?"

"गाईच्या फोटोला दाखव," हे पेपरामागून म्हणाले, "मग मी संपवतो."

"तू गप्प बस रे!"

बाई दारातच उभी होती. एव्हाना गाईसाठी चार हळहळी गोळा झाल्या होत्या. तू काही खाल्लंस का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी सवयीने रात्रीच्या पोळ्यांचा डबा उघडला.

तिने हात पुढे केला नाही.

"खालच्या चार घरांनी गाय नाही म्हटल्यावर दारच लावलं, वहिनी. काल दुपारपासून तिच्याजवळ बसून आहे. आता परत जाऊन बसायचंय." तिची नजर ओट्यावरच्या झाकलेल्या ताटलीवर होती. "आजची पहिली पोळी मला द्या. गरम आहे तोवर."