गव्हाणे सरांची पाच पानं

तलवाड्याला आम्हाला गणित शिकवणाऱ्या गव्हाणे सरांच्या खिशात पेनाशेजारी कायम पत्त्यांची पाच पानं असायची. एकाच छापाचे तीन कॅट मोडून काढलेले तीन बदामाचे एक्के, दोन इस्पिकचे. गावानं त्यांना जुगारी ठरवून टाकलं होतं. सरांना त्याचं काही नव्हतं. म्हणायचे, "जेवढं इचारलं तेवढंच कळावं. जादा कळलं की भांडण."

आत्याच्या सुनीलशी माझं लग्न मी पाळण्यात असतानाच ठरलेलं. मला नर्सिंगला जायचं होतं. पण नाही म्हटलं की बाबा आणि त्यांची एकुलती बहीण जन्माची तुटणार! अशी भाऊबीज बंद पडलेली घरं आमच्याकडे काय कमी आहेत? मी सरांपुढं रडले. ते तडक घरी आले. "पोरांना इचारा," बाबांना म्हणाले, "पण माझ्या पद्धतीनं."

दोन्ही घरची माणसं एकत्र बसली. मला आणि सुनीलला एकेक लाल, एकेक काळं पान दिलं. मध्ये एक लाल पालथं; त्याच्या एका बाजूला माझी पानं, दुसऱ्या बाजूला सुनीलची. होकार असेल तर आपलं लाल त्याला चिकटवून ठेवायचं, नकार असेल तर काळं; उरलेलं पान बाहेरच्या कडेला. सगळं पालथंच. मग क्रम न मोडता गड्डी करून नुसती कापत राहायची आणि गोल मांडून उघडायची. तिन्ही लाल शेजारी आली तर दोघांचा होकार. नाहीतर नकार; पण तो एकाचा की दोघांचा, मांडणी सारखीच दिसते.

भीतीनं मी लाल चिकटवलं. आत्याचे यजमान रमीतले पट्टीचे. त्यांनी गड्डी उचलली आणि सवयीनं फर्रकन पिसली!

"ओ पाव्हणं, कापा म्हणलं, पिसा न्हाई! समदी खिचडी केली की!"

सगळे हसले. पुन्हा मांडणं आलं. या खेपेला मी काळं चिकटवलं.

लाल पानं फुटलेली निघाली. आत्या कडाडली, "कोण न्हाई म्हणलं?"

"ते मलाबी ठाव न्हाई, ताई. आन् पोरांनो, तुमीबी सांगायचं न्हाई. जल्मात न्हाई."

पुढं नर्स झाल्यावर मी त्यांना विचारलं, सुनीलनं काय ठेवलं असेल? सर म्हणाले, "ठाव असतं तर तुमच्या दोन्ही घरचा चहा मला पचला असता का, पोरी?" असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सर वारले तेव्हा दोन्ही घरची आम्ही एकाच जीपनं मातीला निघालो. वाटेत आत्या डोळे पुसत म्हणाली, "दादा, माझंच पोरगं न्हाई म्हणलं असंल."

"न्हाई गं कमल," बाबा म्हणाले, "माझीच असंल."

तलवाडा येईपर्यंत दोघं त्यावरच भांडत होते. मी मागच्या सीटवर तोंड मिटून रडत होते.