वैद्यांच्या ओट्यावरचा रजोगुण

अंबडच्या एका वैद्यांचा नियम होता. नाडी उपाशीपोटी दाखवायची आणि त्याआधी ओट्यावरच्या बाकावर घटकाभर शांत बसायचं. माझ्या पुढचा नंबर एका धोतरवाल्या गृहस्थाचा होता. त्याला कित्येक दिवस झोप नव्हती, आणि त्याच्यापायी माझा नाश्ता अडला होता.

बाक डुगडुगतो म्हणून त्याने पायाखाली खापरी सरकवली. मग सगळ्यांच्या चपला जोडीने लावल्या. वैद्यांनी त्याचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "रजोगुण उसळलाय. मनाला बसू द्या जरा." तो बाहेर आला आणि खराटा घेऊन अंगण झाडू लागला. दुसऱ्या खेपेलाही तेच. समोरच्या हॉटेलातून भज्यांचा वास येत होता.

"अहो, बसा ना एका जागी," मी हात जोडले.

"बसलो की काळीज धडधडतं, भाऊ. कामात असलो की बराबर ऱ्हातं."

"मग मला तरी पुढे जाऊ द्या."

"जा की. मंग इतका येळ बोलले का न्हाई?"

मी ऐटीत आत गेलो. वैद्यांनी नाडी पाहिली. "तुमचीही संतापाने उड्या मारतेय. बाहेर बसा."

बाहेर त्याने उपरण्याने बाक झटकला. "बसा निवांत. मी ध्यान ठेवतो तुमच्यावर. बिलकुल हलायचं न्हाई."

हे काम मात्र बसून करायचं होतं. माझ्यावर पहारा देता देता तो घोरू लागला, डोकं माझ्या खांद्यावर टेकून. समोर भज्यांचा दुसरा घाणा निघाला, आणि मी बिलकुल हललो नाही.