नऊ खोकी आणि एक पत्र

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या या माणसाला सगळे ‘परग्रही’ म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. चंद्रावरच्या एका साम्राज्याच्या कादंबऱ्या, एकूण एकेचाळीस, त्याने सोळाव्या वर्षापासून पारायणं करून झिजवल्या होत्या. नुसत्या वाचल्या नाहीत, अभ्यासल्या. कोण कोणाचा मावसभाऊ, कोणतं यान कुठे कोसळलं, लेखक स्वतःचंच कुठे विसरला, सगळं चिठ्ठ्यांवर उतरवलं. बुटांची नऊ खोकी भरली. बायको चारचौघांत म्हणायची, “माझ्या मावशीचं नाव यांना आठवत नाही, चंद्रावरच्या सात पिढ्या पाठ.” मग सगळे हसायचे.

आता त्याची घोडचूक ऐका. त्या चिठ्ठ्या त्याने चंद्रवासीयांच्या लिपीत लिहिल्या. अक्षरं आपलीच, फक्त चिन्हं वेगळी. चिन्हांचा तक्ता कादंबऱ्यांच्या वर्गणीदारांना टपालाने आला होता, आणि सात वाचकांच्या त्यांच्या मंडळाचा नियम असा, की लिपी आली की तक्ता जाळायचा. त्यानेही ऐटीत जाळला. बाकीचे सहा संसाराला लागले आणि लिपी विसरून गेले.

सहा महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत गुठळी झाली. हात वाचला, बोलणं परतलं, वर्तमानपत्रही अडखळत वाचता येऊ लागलं. लिपी मात्र पार पुसली गेली. खोकी उघडली तर आत नुसत्या रेघोट्या. चाळीस वर्षं पाण्यात गेली, असं वाटून त्याला रडू आवरेना.

त्यात विद्यापीठातल्या एका बाईंचा फोन आला. त्या असल्याच कादंबऱ्यांवर शिकवत. सोमवारी येऊन खोकी बघणार होत्या. वाचता आली तर त्याच्या नावाने ग्रंथालयात ठेवणार होत्या. शनिवारी सकाळभर तो एकेक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून बसला. एकही अक्षर ओळख देईना. दुपारी त्याने नऊच्या नऊ खोकी कचऱ्याच्या डब्याशी नेऊन रचली.

बायकोने ती परत आणली. मग कपाटातल्या कपड्यांखालून एक पिवळा पडलेला कागद काढला. लग्न ठरल्यावर त्याने तिला चंद्रलिपीत लिहिलेलं पत्र होतं ते. बागेतल्या बाकावर बसून त्यानेच तेव्हा वाचून दाखवलं होतं.

“काय उपयोग?” तो म्हणाला. “हेही मला वाचता येत नाही.”

“मला तरी कुठे येतंय? पण तुम्ही वाचलेलं पाठ आहे मला.”

“पाठ? तू तर हसली होतीस.”

“हसले. पेन घ्या. मी शब्द सांगते, तुम्ही चिन्हांखाली अक्षरं लिहा.”

तो लिहू लागला. ‘ढ’ आणि ‘झ’ पत्रात नव्हतेच, पण बाकीची अक्षरं एकेक करून सापडत गेली. तिसऱ्या ओळीशी ती थांबली.

“पुढे?”

“पुढे लिहिलंय,” ती खाली बघत म्हणाली, “मला सगळे हसतात. तू हसू नकोस.”

हे आपण लिहिलं होतं, हे त्याला आठवत नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते.

“हळू सांग,” तो म्हणाला. “‘ह’ कुठलाय ते बघू दे.”