हाड कोणी मोडले याबाबत

अर्जदार: मी, पालघर कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहिणारा. मयत: बोईसरच्या बाजारातील एक मासेविक्रेती. आरोपी: तिचा नवरा हरेश्वर. घटनेचा दिनांक: नारळी पौर्णिमेआधीचा सोमवार. साक्षीदार: मयताचे दोन भाऊ, सरकारी डॉक्टर, आणि वाचकांपैकी तिच्याशी भाव करण्याचे धाडस केलेले सर्वजण.

नवऱ्याच्या सुटकेचा अर्ज लिहायला ती माझ्याकडे येई, तेव्हा तिचे वाक्य ठरलेले असे: “लिवा भाऊ, हाड माजं, मोडलं मीच.”

बाईचा हात तापट होता. बांगड्याला कोणी शिळा म्हटले की तोच बांगडा गिऱ्हाइकाच्या गालावर बसे. तशीच एकदा तिने हरेश्वरच्या थोबाडीत दिली आणि स्वतःचेच मनगट मोडून घेतले. भाऊ धावून आले. बहिणीचा लोंबता हात पाहून त्यांनी काहीही न विचारता वल्ह्याने मेहुण्याचे दात पाडले, वर फिर्यादही दिली. हरेश्वर तुरुंगात गेला. ती पोलिसांना खरे सांगे, ते म्हणत, “नवऱ्याला वाचवायला बायका असंच बोलतात.”

डॉक्टरांना मात्र खटकले. त्यांनी तिला मुंबईला पाठवून हाडांचा स्कॅन करवला. शिरेतून औषध टोचून सांगाड्याचे चित्र काढतात. हाडाची झीज-भर जिथे जोरात चालते ती जागा काळी दिसते. बरगड्यांवर जागोजागी काळे ठिपके होते.

“बगा, किती जुना मार हाय,” मोठा भाऊ म्हणाला.

“माराने तेवढीच जागा काळी होते,” डॉक्टर म्हणाले. “इथे कवटी, जबडा, सगळा सांगाडाच काळा आहे.”

रक्त तपासले. गळ्यातली एक इवली ग्रंथी अतिकाम करून हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढत होती, म्हणून हाडे ठिसूळ.

“म्हंजे चोर माज्या गल्यात?” ती हसली. “मग त्याला नाय टाकत जेलात?”

शस्त्रक्रियेआधीच सुनावणी आली. त्या सोमवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर मोठ्या भावाने तिला अडवले. “घरी चल. सुटला तर परत मारंल तुला.”

तिने धड हात उगारला. मी म्हणालो, “बाई, हाडाचा विचार करा.” तिने केला असावा, क्षणभर थांबली. मग दिली. भावाचा ओठ फाटला आणि तिचा दंड सर्वांना ऐकू येईल असा कडाडला. पांढरीफटक होऊन ती खाली बसली.

“आता सांग सायबाला, कोनी मोडलं,” ती भावाला म्हणाली.

त्याच आठवड्यात रक्तात वाढलेल्या कॅल्शियमने तिचे हृदय बंद पडले. पायऱ्यांवर काय घडले ते मोठ्या भावाने अद्याप पोलिसांना सांगितलेले नाही. हरेश्वरवर आता तिच्या मृत्यूचेही कलम लावण्याचे घाटत आहे.

सबब मे. कोर्टास विनंती की, स्कॅन व रक्ताचा अहवाल जाणत्याकडून वाचून घ्यावा, पायऱ्यांवरील सर्वांचे जबाब घ्यावेत, भावाचा प्रथम, आणि लेखी उत्तर द्यावे. ती गेल्याचे हरेश्वरला सांगण्यास अद्याप कोणी गेलेले नाही. मी जाणार आहे. रिकाम्या हाताने जाण्याची वेळ आणू नये.